बहराम चोबीन आणि लेझीम पथकाचा अध्यक्ष

वाचकांचे प्रश्न, इतिहासाची उत्तरं

मागच्या अंकात इराणचा राजा खुसरो परवेझ आणि शिरीन यांच्या प्रेमकथेविषयी कुणी विचारलं होतं. त्या उत्तरात जाता जाता मी बहराम चोबीन या सेनापतीचं नाव घेतलं, जेमतेम दोन ओळी. या महिन्यात नऊ पत्रं आली ती जवळजवळ सगळी त्या दोन ओळींवर. प्रेमकथेवर एकही नाही. सोलापूरकर ताटावर बसला की आधी चटणीचं बोलणार, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं. नऊपैकी पाच पत्रं घेतो. एकाचं उत्तर फार लांबलंय, बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : सर, नमस्कार. मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. सात रस्त्याजवळच्या अभ्यासिकेत आम्ही सहा-सातजण बसतो. तुमचं सदर वाचून वाद पेटला. बहराम चोबीननं ५९० साली इराणची गादी बळकावली आणि वर्षभरात ती गेली, असं तुम्ही लिहिलंत. तो टिकला असता तर? माझा मित्र म्हणतो, मग अरबांना इराण जिंकताच आलं नसतं आणि पारशी इकडे आलेच नसते. मी म्हणते, काडीचा फरक पडला नसता. पैज लागली आहे. हरेल त्यानं सगळ्यांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्यायची. निकाल तुम्ही द्या. (अभ्यासिकेतली एक)

उत्तर : निकाल शेवटी. आधी गोष्ट, कारण निम्मे वाद गोष्ट अर्धवट माहीत असल्यानं होतात.

इराणवर २२४ सालापासून सासानी घराण्याचं राज्य होतं. अर्दशीर या त्यांच्या पहिल्या राजानं जुन्या पार्थियन, म्हणजे अर्सकवंशी, राजाचा पाडाव करून ते मिळवलं. राजा गेला, पण त्या काळातली बडी सरदार घराणी जागच्या जागी राहिली. मिहरान, सुरेन, कारेन, इस्पहबुधान. त्यांचे मुलूख, त्यांचं घोडदळ, दरबारातला त्यांचा मान, सगळं शाबूत. आपल्याकडचे वतनदार आठव. शाही बदलली तरी देशमुख तोच. बहराम या मिहरान घराण्यातला, रय गावचा. आजचं तेहरान रयच्या शेजारीच वाढलं.

५८८ साली पूर्वेकडून तुर्क चालून आले. गादीवर होरमुज्द चौथा होता. त्यानं बहरामला पाठवलं. बहरामनं निवडून १२,००० स्वार घेतले आणि हेरातच्या बाजूला तुर्कांचा धुव्वा उडवला. त्यांचा राजाच रणात पडला. फिर्दौसी या इराणी कवीच्या शाहनाम्यात हे सगळे स्वार चाळिशीचे आहेत. चाळिशीचा माणूस घरच्या बायकापोरांचा विचार करतो, पाठ दाखवत नाही, असा बहरामचा हिशेब. (तुमच्या अभ्यासिकेत चाळिशीचं कुणी नसणार, म्हणून मुद्दाम सांगितलं.) मग त्याला कॉकेशसकडे धाडलं. तिथं रोमन (म्हणजे पूर्व रोमन, कॉन्स्टँटिनोपलच्या) फौजेपुढं एक लढाई तो हरला. छोटीच, पण होरमुज्दला एवढं पुरलं. त्यानं सेनापतीचा जाहीर अपमान केला, फौज चिडली आणि बहराम राजधानी तेसिफोनच्या दिशेनं निघाला. अपमान कसा केला, त्यावर खाली स्वतंत्र पत्र आहे.

तो पोहोचायच्या आधीच राजवाड्यात उलथापालथ झाली. होरमुज्दच्या दोन मेहुण्यांनी, विस्तहम आणि विंदूये यांनी, त्याला पदच्युत केलं, त्याचे डोळे काढले आणि त्याचा मुलगा खुसरो (तोच शिरीनवाला परवेझ) याला गादीवर बसवलं. फेब्रुवारी ५९०. हे मेहुणे इस्पहबुधान घराण्यातले, म्हणजे बहरामच्या बरोबरीचे. नहरवान कालव्याच्या काठी नवा राजा आणि बहराम समोरासमोर आले. खुसरोची फौज विरघळली. तो फुरात नदीच्या बाजूनं रोमन हद्दीकडे पळाला, आणि ९ मार्च ५९० रोजी बहरामनं तेसिफोनमध्ये स्वतःच्या डोक्यावर मुकुट ठेवला. सहावा बहराम. स्वतःच्या नावाची नाणी पाडली. ५९१ साली खुसरो रोमन बादशहा मॉरिसची फौज घेऊन परतला, सोबत आर्मेनियन स्वार. अझरबैजानात ब्लाराथोनला लढाई झाली, बहराम हरला, तुर्कांकडे पळाला. ज्या तुर्कांना हरवून मोठा झाला त्यांच्याच आश्रयाला. तिथं खुसरोच्या माणसांनी त्याचा काटा काढला.

आता 'टिकला असता तर'. परीक्षेला बसणारी मुलं लगेच ब्लाराथोनच्या लढाईवर जातात. डावी फळी अशी वळली असती तर, हत्ती इकडे असते तर. माझ्या मते गाडी त्याच्या वर्षभर आधी, फुरातच्या वाटेवर, एका मठात चुकली.

परंपरा असं सांगते. खुसरो पळत होता, मागं बहरामची तुकडी. मठात थांबल्यावर मामा विंदूयेनं भाच्याचे राजवस्त्र अंगावर चढवले आणि त्याला मागच्या वाटेनं काढून दिलं. स्वतः छपरावर उभा राहिला. खालून तुकडीला राजा दिसला, त्यांनी वेढा घातला. मग विंदूये साधे कपडे घालून पुन्हा वर आला आणि म्हणाला, महाराज दमलेत, आजची रात्र द्या. दिली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, महाराज प्रार्थनेला बसलेत. तेही ऐकलं. शेवटी खाली उतरून म्हणाला, आत मी एकटाच आहे. तोवर खुसरो रोमन हद्दीत.

पन्हाळ्याचा वेढा आणि शिवा काशीद आठवला ना? १६६० साली सिद्दी जौहरच्या माणसांनी पालखीतला शिवाजी म्हणून ज्याला धरलं, तो शिवा काशीद. त्याचा जीव गेला. विंदूये कैदेत पडला पण वाचला. दोन्हीकडे पाठलागावरच्या माणसाला समोर पोशाख दिसतो आणि तो थांबतो. राजाचा पोशाख घातलेल्या माणसाला हात लावायला बहरामचा सरदारही कचरला, हे लक्षात ठेव. पुढं उपयोगी पडेल.

समज, तो सरदार कचरला नसता. छपरावर चढला असता, दार फोडलं असतं, खुसरो हाती लागला असता. बहरामची गादी पक्की? मला नाही वाटत.

आमच्या गल्लीतली गोष्ट सांगतो. मी पूर्व भागातला, मागवाल्यांच्या वस्तीत वाढलेला. आमच्या गणपती मंडळाचं अध्यक्षपद एकाच घरात असायचं; त्यांच्या आजोबांनी पहिली मूर्ती बसवली होती. मंडळाची खरी ताकद मात्र लेझीम पथक. त्याचा म्होरक्या शिट्टी मारायचा आणि साठ पोरं एका पायावर वळायची. मिरवणुकीत आमचं पथक निघालं की बाजूची मंडळं हलगी थांबवून बघायची. एका वर्षी बैठकीत अध्यक्ष त्याला काहीतरी लागट बोलले. पुढच्या बैठकीला हा पथकातली सगळी पोरं घेऊन आला, हात वर झाले आणि हा अध्यक्ष. कुणी ब्र काढला नाही. जुने अध्यक्ष चप्पल घालून घरी गेले.

मग वर्गणी सुरू झाली. आमच्याकडे पावतीपुस्तकाचं पहिलं पान चार ठरलेल्या घरांचं. ती चार घरं काय आकडा घालतात ते बघून बाकीची गल्ली आपला आकडा घालते. नवा अध्यक्ष पहिल्या घरी गेला. या, बसा, चहा घ्या. वाकडा शब्द नाही. पावती फाडायची वेळ आली तेव्हा ५०१ च्या जागी ११. दुसऱ्या घरी ११. तिसरे घरमालक गावाला गेले होते, आणि तीन आठवडे गावालाच होते. त्या वर्षी आमचा गणपती शेजारच्या मंडळाकडून उसन्या आणलेल्या पडद्यापुढं बसला.

बहरामची हीच पंचाईत. तेसिफोनमध्ये त्याला अडवणारं कुणी नव्हतं, पण सुरेन आणि इस्पहबुधान त्याच्याकडे बघून मनात म्हणत असणार, हा आमच्या पंगतीतला, आज अचानक पाटावर कसा? सासानी राजाच्या बाबतीत हा प्रश्न उठत नसे. त्याच्या अंगी देवानं दिलेलं राजतेज असतं अशी श्रद्धा होती, ते त्या घराण्यात उतरतं अशी श्रद्धा होती. बहरामनं यावर उत्तर शोधलं, तेही वाईट नव्हतं. तो म्हणाला, सासानी कोण? मेंढपाळाची पोरं. खरे राजे अर्सकवंशी, आणि मी त्यांच्या रक्ताचा. चोरलेली गादी मी परत आणतोय. पण २२४ ते ५९० म्हणजे ३६६ वर्षं. इतक्या वर्षांत आंदण मिळालेली जमीनही वडिलोपार्जित होते.

त्या वर्षभरात त्याचे दिवस कसे गेले याचं एक चित्र कथांत आहे, ते मला सगळ्यात खरं वाटतं. मठापाशी फसलेला तोच सरदार, बहराम सियावुशान, कैदेतल्या विंदूयेच्या नादी लागला. ठरलं असं की चौगान (म्हणजे पोलो) खेळताना राजाला मारायचं. घरच्या बायकोनं त्याला कपड्यांखाली चिलखत घालताना पाहिलं आणि राजाला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी बहराम चोबीन मैदानाच्या तोंडाशी उभा राहिला आणि आत येणाऱ्या प्रत्येक खेळाडूच्या पाठीवर शाबासकीची थाप मारत गेला. एका पाठीला लोखंड लागलं. तिथंच तलवार निघाली. डाव साधला खरा. पण खेळायला येणाऱ्या आपल्याच माणसांच्या पाठी ज्याला चाचपाव्या लागतात, त्याचं राज्य किती दिवसांचं धरायचं?

आमच्या म्होरक्यानं दुसऱ्या वर्षी काय केलं? जुन्या अध्यक्षांच्या नातवाला अध्यक्ष केलं. वय वर्षं नऊ. स्वतः कार्याध्यक्ष झाला. पहिल्या पानावर पुन्हा ५०१. पेशव्यांनी नेमकं हेच केलं: दिल्लीपर्यंत फौजा नेल्या, पण पेशवेपदाची वस्त्रं साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच घेतली. बहरामनं सासानी घराण्यातलं एखादं पोर गादीवर बसवून स्वतः कारभार धरला असता, तर वीसेक वर्षं त्याला कुणी हलवलं नसतं, असं मी म्हणतो. पण मग तुझ्या प्रश्नातला 'गादीवरचा बहराम' उरत नाही. तेवढी पैज मोडली.

आता मॉरिस. खुसरो त्याच्या दारात आला आणि देऊ लागला: दारा किल्ला, मार्टिरोपोलिस, आर्मेनियाचा मोठा भाग. बहरामचाही निरोप गेला, त्यात निसिबिस हे सरहद्दीवरचं शहर आणि तैग्रिस नदीपर्यंतचा मुलूख. आकडा बहरामचा मोठा. मॉरिसच्या सिनेटचं मत खुसरोला मदत करू नये असं होतं. तरी त्यानं खुसरोला निवडलं. सोलापूरच्या माणसाला यातली मेख लगेच कळावी. आपला भुईकोट एकदा आदिलशहाच्या बहिणीच्या लग्नात निजामशहाला आंदण म्हणून कबूल झाला होता. दिला नाही. त्यावरून दोन शाह्या पिढीभर भांडल्या, आणि पुढं चांदबिबीच्या लग्नात तोच किल्ला उलट दिशेनं आंदण गेला. कबूल केलेला किल्ला आणि हातात पडलेला किल्ला यांत फरक असतो. बंडखोर सेनापतीनं देऊ केलेलं निसिबिस देणार कोण? आज आहे, उद्या नाही. राजाच्या मुलानं सही केली तर त्याच्या नातवालाही ती पाळावी लागते. मी मॉरिस असतो तर तेच केलं असतं.

आणि या शहाण्या निर्णयानं मॉरिसचा घात केला. इराणशी तह झाल्यावर पूर्वेकडची फौज त्यानं डॅन्यूबकडे वळवली. ६०२ साली तिथल्या सैन्याला नदीपलीकडे हिवाळा काढायचा हुकूम गेला, सैन्य बिथरलं, फोकास नावाच्या एका अधिकाऱ्याला पुढं करून राजधानीवर आलं. मॉरिस आणि त्याची मुलं मारली गेली. खुसरोनं उपकारकर्त्याचा सूड म्हणून युद्ध पुकारलं आणि ते २६ वर्षं चाललं. ६१४ साली जेरुसलेम पडलं. मग इजिप्त. ६२६ साली कॉन्स्टँटिनोपलला वेढा. मग रोमन बादशहा हेराक्लियसनं डाव उलटवला, ६२७च्या डिसेंबरात निनवेला इराणी फौज हरली, ६२८ साली खुसरोला त्याच्याच मुलानं उतरवलं आणि मारलं. पुढच्या चार वर्षांत गादीवर इतकी माणसं बसली की वर्गात शिकवताना मी फळ्यावर नावं लिहायचं सोडून दिलं होतं.

बहराम टिकला असता तर ही साखळी अशी ओवली गेली नसती. मॉरिसला पूर्वेची फौज हलवता आली नसती. फोकास कदाचित निवृत्तीपर्यंत हवालदारच राहिला असता. सूडाचं निमित्त नाही, २६ वर्षांचं युद्ध नाही. इथवर तुझा मित्र बरोबर. त्यात एक भर माझी: हिराचे लखमी अरब राजे इराणची वाळवंटाकडची वेस राखत. खुसरोनं त्यांचा शेवटचा राजा नुमान याला मारून ती वेस स्वतःच उघडी केली. बहरामला नुमानशी वैर धरायचं कारण नव्हतं.

पण बहराम स्वस्थ बसणारा नव्हता. ज्याच्याकडे रक्ताचा दाखला नाही त्याला दरवर्षी नवा विजय दाखवावा लागतो. रोमशी ५७२ पासूनचं युद्ध चालूच राहिलं असतं, लहान लहान तुकड्यांत. आणि रयमध्ये कुणी ना कुणी उठलं असतं. हे मी हवेतून सांगत नाही. खुसरो अस्सल सासानी असूनही त्याच्या त्याच मामानं, विस्तहमनं, पुढं बंड करून रयमध्ये स्वतःच्या नावाची नाणी काही वर्षं पाडली. बहरामवर किती उठले असते याचा हिशेब तूच कर. शिवाय प्लेग. तो ५४१ पासून पुन्हा पुन्हा येत होता आणि ६२८ मध्ये खुसरोचा मुलगा त्यातच गेल्याचं सांगतात. गादीवर कोण बसलंय हे बघून रोग येत नाही.

सेनापतीनं गादी घ्यायचा आणखी एक प्रयोग झाला, तो तुझ्या टिपणवहीत असू दे. ६३० साली शहरबराझ. जेरुसलेम घेणारा हाच. त्याला हेराक्लियसचा पाठिंबा, बहरामला न मिळालेला. तरी चाळीस-एक दिवसांत त्याच्याच लोकांनी त्याला मारलं. मॉरिस बाजूनं असता तर बहराम टिकला असता, असं म्हणणाऱ्यांपुढं मी हे नाव ठेवतो.

तेव्हा अरबांनी जिंकलेल्या दोन लढाया, ६३६ला कादिसिया आणि ६४२ला नहावंद, आणि ६५१ला मर्वजवळ गिरणीवाल्याच्या हातून शेवटचा सासानी राजा यझ्दगर्द याचा मृत्यू, हे याच क्रमानं, याच वेगानं झालं नसतं. इतकं मी सहीनिशी सांगतो. कधीच झालं नसतं, हे नाही सांगणार. पारशांचं म्हणशील तर इराणी व्यापारी गलबतं आपल्या किनाऱ्याला त्याआधीही लागत होती. गुजरातच्या किनाऱ्यावर संजाणला अग्नी घेऊन आले ते मात्र राज्य गेल्यावर.

निकाल : भाकरी तू आण, चटणी त्यानं आणायची.

प्रश्न : होरमुज्द बादशहानं सेनापतीला साडीचोळी आणि चरखा पाठवला असं एका व्याख्यानात ऐकलं. मी पस्तीस वर्षं गिरणीत काढली. सूतकताई हा अपमान कसा? आणि हे खरं का? (एक निवृत्त गिरणी कामगार, साखर पेठ)

उत्तर : साडीचोळी आपल्याकडची झाली, मुळात बायकांचा पोशाख, आणि शाहनाम्यात सोबत कापूस नि चाती. फिर्दौसीनं हे १०१० साली लिहून पुरं केलं, चारशे वर्षांनी. पण ग्रीकमध्ये लिहिणारा थिओफिलॅक्ट हा घटनेनंतर चाळीसेक वर्षांतला, आणि बायकी पोशाखाची गोष्ट त्याच्याकडेही आहे. तो पुढं सांगतो की बहरामनं उलट पत्र लिहून होरमुज्दचा उल्लेख 'खुसरोची मुलगी' असा केला. (हा खुसरो म्हणजे होरमुज्दचा बाप, नौशेरवान.) दोन वेगळ्या मुलखांत एकच गोष्ट सांगितली जाते, म्हणजे ती जुनी. पेटी उघडताना आपण तिथं नव्हतो, तेव्हा याहून जास्त म्हणणार नाही.

तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नाही, तुम्हाला ते माझ्याइतकंच ठाऊक आहे. आमच्या घरात खड्डामाग होता. वडील मागावर, अम्मा रहाटावर कांड्या भरणार, ही वाटणी. एका पावसाळ्यात अम्मा महिनाभर आजारी पडली आणि वडील रहाटावर बसले. भिंतीला पाठ, एक पाय लांब सोडलेला, उजव्या हातानं चाक, डाव्या हाताच्या चिमटीतून सूत. त्यांची चिमट मागाच्या सवयीची, जाड. सूत तुटायचं, गाठ मारायची, पुन्हा चाक. दारावरून जाणारे बाप्ये थांबायचे आणि तेलुगूत टोमणा मारून जायचे. वडिलांनी तिसऱ्या दिवशी रहाट उचलून सरळ ओट्यावर आणून ठेवला आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. टोमणे बंद.

बहरामनं तेच केलं. पोशाख आला तो त्यानं लपवला नाही. अंगात घातला, चाती पुढं ठेवली आणि सरदारांना आत बोलावलं. बघा, हेरातच्या लढाईचं बक्षीस. कपडे एकट्या बहरामला आले होते, पण तंबूतून बाहेर पडताना प्रत्येक स्वाराला वाटत होतं की आपल्यालाच नेसवलेत. होरमुज्दनं हा विचार केला नाही. कापूस पिंजून कातणारे हात त्याच्या राज्यात किती होते आणि त्या हातांच्या घरचे किती पोरगे बहरामच्या फौजेत होते, हे दरबारातून दिसत नसावं.

प्रश्न : 'चोबीन' म्हणजे काय? आडनाव का? (एक विद्यार्थी, जुळे सोलापूर)

उत्तर : टोपणनाव. चोब म्हणजे लाकूड. उंच, सडसडीत, भाल्याच्या दांड्यासारखा, म्हणून चोबीन. आमच्या गल्लीत असता तर काडीपैलवान म्हटलं असतं. नाव मात्र चाललं: तीनशे वर्षांनी बुखाऱ्याचे सामानी (सासानी नव्हे) अमीर आपण बहराम चोबीनच्या वंशातले असं अभिमानानं सांगत. गादी वर्षभराची, वंशावळीत जागा कायमची.

प्रश्न : तुम्ही दर अंकात इराण-तुराण करता. आपल्या मातीत गादी बळकावणारे नव्हते का? त्यांच्यावर लिहा की. (एक जुना वाचक, किल्ल्यामागे)

उत्तर : तुम्ही किल्ल्यामागं राहता आणि हे मला विचारता? ज्या बहमनी काळात तुमच्या दारातला किल्ला उभा राहिला, त्या बहमनी गादीचा मूळपुरुष अलाउद्दीन हसन हा तुघलकांचा बंडखोर सरदार. १३४७ साली दौलताबादला बंडवाल्या अमिरांनी आधी इस्माईल मुख या वयस्कर सरदाराला बसवलं. त्यानं जागा मोकळी केली आणि हसन गादीवर आला. आणि गंमत बघा, त्यानं आपलं कूळ थेट इराणच्या दंतकथांतल्या बहमनाला नेऊन भिडवलं. इराणात बहरामला जे जमलं नाही ते इराणी पूर्वज सांगून दख्खनमध्ये हसनला जमलं. राजधानी गुलबर्गा, इथून शंभरेक किलोमीटर.

का जमलं, तर दिल्ली लांब होती, तुघलक दुसऱ्या बंडांत अडकला होता, आणि दख्खनमध्ये 'आम्हीच' म्हणणारं ३६६ वर्षांचं घराणं त्याच्यापुढं नव्हतं. देवगिरीचे यादव त्याआधीच संपले होते. पाट रिकामा होता. बहरामच्या वेळी पाटाचा मालक हयात होता आणि शेजाऱ्याच्या घरी जाऊन बसला होता.

न जमलेलाही एक आहे. बदामीचा चालुक्य मंगलेश. पुतण्या लहान म्हणून राज्य सांभाळायला बसला आणि पुढं ते आपल्याच मुलाला द्यायला निघाला. पुतण्यानं फौज जमवून काकाला संपवलं. हा पुतण्या म्हणजे दुसरा पुलकेशी. ऐहोळेच्या ६३४च्या शिलालेखात हे आहे. आणि तुमच्या तक्रारीवर उतारा म्हणून सांगतो: पदच्युत झालेल्या खुसरोनं आपल्या बचावात हिंदुस्थानच्या एका राजाचं पत्र आपल्या ३६व्या राजवर्षात आल्याचं सांगितलं, असं तबरी हा जुना इतिहासकार लिहितो, आणि तो राजा पुलकेशीच असं अनेक अभ्यासक मानत आले आहेत. काकाला हटवून गादी परत घेतलेला इकडचा, आणि सेनापतीला हटवून गादी परत घेतलेला तिकडचा. दोघांचा पत्रव्यवहार. तुम्ही म्हणता ते इराण-तुराण मी करत नाही हो, ते आधीच झालेलं आहे.

प्रश्न : आजी वारली. तिच्या डबीत चांदीची एक जाड तार निघाली, मधोमध वाकवून दुहेरी केलेली, बोटाएवढी. दोन्ही पायांवर ठोकल्यासारखी उर्दू वळणाची अर्धवट अक्षरं आहेत. आम्ही आकडा समजत होतो. सोनार म्हणतो चांदी चांगली आहे, आटवून पैंजण करू. तुमचा इराणचा विषय चाललाय, पण हेही सांगाल का? अक्षरांचा फोटो पाठवते आहे. (एक गृहिणी, बाळीवेस)

उत्तर : ताई, विषय तोच आहे. फोटो बघितला. तो आकडा नाही, लारी आहे. इराणच्या दक्षिणेला लार नावाचं गाव आहे, त्यावरून हे नाव. तिथल्या व्यापाऱ्यांबरोबर हे तारेचं नाणं आखातातून आपल्या बंदरांत आलं, इतकं रुळलं की विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहानं स्वतःच्या नावाच्या लाऱ्या पाडल्या. तार ठशापेक्षा अरुंद, म्हणून अक्षरं अर्धवट उमटतात. नाणं खोटं आहे म्हणून नाही. वजन पाच ग्रॅमच्या आतबाहेर भरेल. ब्रासोनं घासू नका, चिंचेनं तर मुळीच नाही. मऊ सुती कापडात गुंडाळून कोरड्या डबीत ठेवा आणि आजी कुठल्या गावची होती, डबी कुणाकडून आली, ते एका चिठ्ठीवर लिहून आतच टाका.

तुमचं पत्र पोहोचायला सहा दिवस लागले आणि अंक छापून यायला आणखी लागतील, म्हणून फोन नंबर नसतानाही पत्त्यावर कार्ड टाकलंय. सोनाराकडे ठेवायला दिली असेल तर आधी ती परत आणा.